करड्या मुद्रेच्या हवालदाराची हकीकत

श्री. ज्याच्या एका डोळ्याच्या उघडझापेत किल्ले उभे राहतात आणि मोडतात, त्या क्यामेऱ्यास प्रथम नमन. आणि जे संध्याकाळी ताट मांडीवर घेऊन पडद्यापुढे बसतात आणि ज्यांच्या मर्जीवर शिपायांचे जगणेमरणे, त्या मायबाप प्रेक्षकांस नमन करोन ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते साली चैत्रमासी पंचगंगेच्या खोऱ्यात एका बंद पडलेल्या दगडखाणीत एक राज्य वसले. राज्य म्हणजे टीव्हीवरील युद्धमालिका. खाणीच्या कड्यास सरहद्दीचा डोंगर मानिला, प्लायवूडची चौकी बांधिली, मिठाचे आणि कापसाचे बर्फ अंथरिले, आणि भर उन्हात लोकरी कोट घालोन टोळी थंडीने कुडकुडू लागली. शत्रू म्हणोन चार माणसे होती. ती सकाळी मरत, मग चहा घेत, आणि टोप्या बदलोन दुपारी पुन्हा चाल करोन येत. राज्याचा कारभार दिग्दर्शक अकोलकर यांजकडे होता, आणि अकोलकरांवर मुंबईच्या वाहिनीचा अंमल. वाहिनी म्हणजे बादशाही. तिचे तख्त कोणी पाहिले नव्हते, पण दर गुरुवारी तिचा कौल येई, की गेल्या हप्त्यात इतक्या घरांनी तुमचे युद्ध पाहिले. कौल चांगला आला तर पंगतीस श्रीखंड होई, आणि वाईट आला तर अकोलकर दिवसभर कोणाशी बोलत नसत आणि चहासुद्धा पाणचट होई.

त्या युद्धात सरहद्दीची चौकी राखणारी एक टोळी, आणि टोळीचा नायक हवालदार रणपिसे. हे सोंग ज्याने घेतले तो गुणवंत मोरबाळे, कागल तर्फेचा राहणार, गावच्या दूधसंस्थेत सकाळ-संध्याकाळ दुधाची फॅट काढी आणि जत्रेच्या नाटकांत काम करी. आवाज भारदस्त, छाती रुंद, परंतु खोड एक, की रंगमंचावर हसू आवरत नसे. एके साली राजाचे सोंग घेऊन प्रधानास सुळी देण्याचा हुकूम करीत असता त्यास हसू फुटले, आणि प्रधानही हसला, आणि सुळीवर नेणारे शिपाई हसोन खाली बसले, आणि मग पडदा पाडावा लागला. तो प्रधान म्हणजे शेजारगावचा केरबा चौगले. दोघे एकाच वर्गात नापास होऊन एकाच बाकावर राहिलेले, तेव्हापासोनची दोस्ती. केरबा नकलाकार. तलाठी, कंडक्टर, दूधसंस्थेचे चेअरमन, जो समोरून गेला त्याची चाल आणि बोली केरबाकडे जमा होई. त्या राज्यात केरबास आधी शिपायाची चाकरी लागली, आणि त्याने अकोलकरांपुढे गुणवंतास उभे केले. अकोलकर वरखाली न्याहाळून म्हणाले, "अंगानं बरा आहे. पण मला हवालदार दगडाचा पाहिजे. हा हसरा वाटतो." गुणवंताने तोंड उघडण्याआधी केरबा बोलिला, "साहेब, जन्माचा करडा हाय त्यो. गल्लीतली कुत्री बी त्याला वळख न्हाई दावत." मग खाणीमागे नेऊन त्याने गुणवंतास युक्ती शिकविली. "हे बघ गुन्या, हसू आलं की जीभ मागल्या दाढांत धरायची. दुखलं पायजे. दुखाय लागलं की हसू आपोआप माघारी जातंय आणि तोंडाला करडेपणा येतोय." गुणवंताने तसे केले आणि पुन्हा अकोलकरांपुढे गेला, आणि अकोलकर बहुत प्रसन्न होऊन म्हणाले, हाच माझा हवालदार. पद मिळाले, तेव्हा येथून पुढे त्यांस गुणवंतराव म्हणणे प्राप्त.

मग अकोलकरांनी राज्याचा एक कायदा केला. म्हणाले, शिपायांच्या डोळ्यांत हवालदाराचा धाक दिसला पाहिजे, आणि धाक उसना आणता येत नाही. तेव्हा हवालदाराने टोळीच्या पंगतीस बसू नये, टोळीच्या तंबूत जाऊ नये, कोणी त्यांस नावाने हाक मारू नये, आणि ते आले की सर्वांनी उठोन उभे राहावे, क्यामेरा चालू असो वा बंद. प्रथम याची मौजच वाटली. गुणवंतराव आपले ताट घेऊन एकटे वडाखाली निघाले की केरबा तळहातावर भाकरी ठेवोन ताठ उभा राही आणि म्हणे, "हवालदारसाहेब, भाकरी हजर हाय. कोरड्यास रजेवर गेलंय." आणि गुणवंतराव दाढेत जीभ धरीत, आणि डोळ्यांत पाणी येई, आणि अकोलकर लांबून पाहोन म्हणत, वा, काय राग आहे. याप्रमाणे काही दिवस गेले. मग गुरुवारचा कौल आला, की घरोघर लोकांस हवालदाराची मुद्रा आवडली. लोक म्हणाले, हा माणूस बोलत नाही, नुसता पाहतो, आणि आम्ही इकडे मांडी सावरून बसतो. कागलच्या बाजारात न्हाव्याने विचारिले, मिशी त्यांच्यासारखी करू का. दूधसंस्थेचे चेअरमन, जे एरवी मोरबाळ्यांस उभ्याने झापीत, त्यांनी उठोन खुर्ची दिली. गुणवंतरावांनी खुर्ची घेतली आणि काही बोलले नाहीत, आणि न बोलल्यामुळे चेअरमन आणखी नम्र जाहले. ही गोडी वाईट. मनुष्य आयुष्यभर हसोन, गोड बोलोन जे मागत फिरतो आणि मिळत नाही, ते तोंड घट्ट मिटल्याने मिळू लागले, मग ते तोंड उघडावे कशास? कोल्हापुरात बिऱ्हाड केले, तेथेही मुद्रा घेऊनच जात. त्यांचे कुटुंब इंदुबाई एके दिवशी ताट वाढता म्हणाल्या, "घरात कुनाची हजेरी घेताय? आमटीला मीठ कमी असंल तर तोंडानं सांगा. नुसतं बघितल्यानं मीठ वाढत न्हाई." गुणवंतराव हसले नाहीत. हसावेसे वाटले की नाही, हेही त्यांस नीट कळले नाही.

भाद्रपदात टोळीच्या पाहणीचा प्रसंग होता. हवालदाराने रांगेपुढून चालावे, एकेकाच्या डोळ्यांत पाहावे आणि कोणाचे बटण, कोणाची टोपी नीट करावी, इतकेच. गुणवंतराव केरबापुढे आले. केरबाने चेहरा न हलविता, ओठांतल्या ओठांत चेअरमनचा आवाज काढिला, "मोरबाळे, आज फॅट कमी लागलीया. म्हस बदला का तुमी बदलता?" शेजारचा शिपाई फुटला, मग रांग फुटली, आणि क्यामेरा थांबविला. पूर्वीचे गुणवंतराव असते तर बर्फात बसोन हसले असते. त्या दिवशी दाढेत जीभ धरण्याचे कारणच पडले नाही, कारण आतून हसू आलेच नाही. हे त्यांचे त्यांस उमजले, आणि ते लपवावे म्हणोन की काय, ते हवालदाराच्या आवाजात बोलिले, "चौगले, उभं राहायचं कळत नसेल तर उद्यापासून चहा वाटा. सोंगाड्यांची टोळी नाही ही." टोळीस वाटले हे कामातलेच आहे, आणि सर्व ताठ उभे राहिले. केरबाने मात्र क्यामेऱ्यावरील तांबडा दिवा पाहिला. दिवा विझलेला होता. मग तो म्हणाला, "व्हय, हवालदार," आणि टोपी नीट केली. त्या दिवसापासोन भाकरीची सलामी बंद पडली. गुणवंतरावांच्या मनात रोज येई, की आज तंबूत जावे आणि म्हणावे, केरबा, चुकलो. पण हवालदाराने तंबूत जाऊ नये हा कायदा होता, आणि कायदा सोयीचा होता.

पुढे कार्तिकात कौल घसरला. श्रीखंड बंद झाले आणि बादशाहीचे फर्मान आले, की फार दिवस कोणी मेले नाही, टोळीतला एक शिपाई पडला पाहिजे, आणि कोण ते तुम्ही ठरवा. खाणीत गुणवंतरावांस विसाव्यास एक गाडी दिली होती, तीत येऊन अकोलकर खलबतास बसले. म्हणाले, "हवालदार, कोण मरतो याला महत्त्व नाही. तुमचा चेहरा तुटतो की काय, असं लोकांना वाटलं पाहिजे आणि तो तुटता कामा नये. त्यासाठी विचारतो. यातला कोण गेला तर तुम्हाला खरोखर सोसणार नाही?" प्रश्न सरळ होता आणि गुणवंतरावांनी सरळ उत्तर दिले. कितीक महिन्यांत मनातले जसेच्या तसे ओठांवर आले ते इतकेच. म्हणाले, "केरबा." आणि बोलता क्षणी त्यांच्या ध्यानी आले, की राज्यात मरण म्हणजे चाकरी जाणे, आणि आपण दोस्ताचे नाव घेऊन दोस्ताची चाकरी घालविली. हात पुढे करोन म्हणाले, "न्हाई, थांबा, दुसरा कोणी—" पण अकोलकर उठले होते. म्हणाले, "आता हाच. तुमच्या तोंडावर आत्ता जे आलं ना, तेच मला पाहिजे." आणि गेले, आणि टोळीस जाऊन सांगितले, की केरबा चौगले यांस वीरमरण येत आहे, नाव खुद्द हवालदारांनी सुचविले.

केरबा दुसरे दिवशी गाडीच्या दाराशी आला. आत आला नाही, पायरीखाली उभा राहिला. कपडेवाले, दिवेवाले आजूबाजूस होते, आणि सर्वांचे कान इकडे. केरबा म्हणाला, "हवालदार, माझं नाव तुमी दिलंसा म्हणं." गुणवंतराव म्हणाले, "दिलं." "का, त्ये इचारलं तर चालंल?" येथे सांगावयाचे होते. एका वाक्याचे काम होते, की तू गेलास तर मला सोसणार नाही म्हणोन. परंतु इतक्या माणसांपुढे ते वाक्य हवालदाराच्या तोंडातून कसे निघावे, आणि गुणवंतरावांनी आपले तोंड शोधिले तो ते सापडेना. म्हणाले, "कामाची गरज होती." केरबाने मान हलविली. "पोरीची बारावी हुईस्तोवर ढकललं असतं तर बरं झालं असतं. असू दे. मरायचं तर मरायचं, न्हाई म्हणणारा मी कोण," असे म्हणोन तो तंबूकडे गेला, आणि जाताना कोणाची नक्कल केली नाही.

मार्गशीर्षात मरणाचा दिवस नेमिला. त्या राज्यात एक चाल होती, ती येथे सांगणे जरूर. क्यामेऱ्यापुढे कोणी मेला तर त्यास मेलेला तसाच उठू देत नसत. ज्याच्या मांडीवर प्राण गेला त्याने मेलेल्यास हसवावे, त्याने खदखदून हसावे, ते क्यामेऱ्याने टिपावे, आणि मग त्याने उठोन रंग धुवावा. तो तुकडा कोणास दाखवीत नसत, परंतु घेतल्यावाचून राहत नसत. कारण म्हणत, की खोटे मरण हसोन झटकिले नाही तर ते माणसामागे घरापर्यंत जाते. शत्रूची चार माणसे रोज मरत, तीसुद्धा रोज एकमेकांस गुदगुल्या करोन उठत. असो. केरबास गोळी लागली, तो मिठाच्या बर्फात पडला, गुणवंतरावांनी त्याचे डोके मांडीवर घेतले. केरबाने काम उत्तम केले. बोलणे अर्धे ठेविले, श्वास सोडिला, आणि डोळे उघडे ठेवोन मेला. गुणवंतरावांनी हाताने ते डोळे मिटले आणि टोळीस म्हणाले, "उठा. चौकी अजून आपली आहे." इतके बोलताना त्यांनी दाढेत जीभ धरली होती. फार दिवसांनी धरावी लागली, पण या खेपेस हसू आवरण्यासाठी नव्हे. तोंडात रक्ताची चव आली. अकोलकरांनी थांबविले आणि सर्वांनी टाळ्या दिल्या, आणि मग केरबाने मांडीवरूनच एक डोळा किलकिला केला आणि हळू म्हणाला, "गुन्या, हसव की रं." किती महिन्यांनी तो त्या नावाने बोलला. त्यात राग नव्हता. चाकरी जात होती, बोल लागला होता, तरी मागणे इतकेच होते. आणि गुणवंतरावांच्या ओठांचा कोपरा हलला, इतक्यात अकोलकर ओरडले, "हवालदार, चेहरा सोडू नका. जवळचा शॉट राहिलाय, ऊन कड्याआड चाललंय. त्याला दुसरा कोणी हसवेल. तुम्ही आहे तसे इकडे या." गुणवंतरावांनी विचार केला, की घटकेचे काम, शॉट देतो आणि मग येतो, मग हसवतो, मग सगळेच सांगतो. असे मनात म्हणोन त्यांनी केरबाचे डोके मांडीवरून उचलून मिठावर ठेविले, आणि मुद्रा हातात भरल्या घागरीसारखी सांभाळीत क्यामेऱ्याकडे गेले.

मागे कोणी शिपायाने केरबाच्या कुशीत बोट घातले, आणि केरबा हसला. हसला म्हणजे चालीपुरते हसला. इकडे उन्हाची तिरीप हवालदाराच्या गालावर पडली, आणि क्यामेऱ्याने ती मुद्रा घेतली, जी पुढे रस्त्याकडेच्या फलकांवर लागली आणि गुरुवारी जिचा कौल राज्याच्या साऱ्या कारकिर्दीत थोर ठरला. शॉट संपला तेव्हा गुणवंतराव वळले. मिठात डोक्याएवढा खळगा होता आणि लाल रंगाचे शिंतोडे होते. केरबा तोंड धुवोन, कोट परत करोन, गावाकडे जाणाऱ्या टेंपोत बसोन गेला होता. गुणवंतराव कोणास काही न बोलता जनरेटरच्या गाडीमागे गेले आणि तेथे त्यांची मुद्रा फुटली. ते उकिडवे बसोन रडले. जनरेटर मोठ्याने चालला होता, त्यामुळे कोणास ऐकू गेले नाही.

माघ महिन्यात त्यांचा जीव राहीना, तेव्हा ते केरबाच्या गावी गेले. केरबा मेहुण्याच्या पिठाच्या गिरणीवर बसत होता. भुवयांवर पीठ, कानांवर पीठ. गुणवंतरावांस पाहोन तो स्टुलावरून उठोन उभा राहिला. राज्याचा कायदा येथे नव्हता, तरी उभा राहिला, आणि म्हणाला, "या साहेब. बसा." गिरणीचा आवाज फार होता म्हणोन त्याने पट्टा उतरविला आणि जाते थांबले. गुणवंतराव म्हणाले, "साहेब काय म्हणतोस रं?" केरबा म्हणाला, "आता सवय झाली. टीव्हीवर रोज बघतोय." मग गुणवंतरावांनी वाटेत शंभरदा घोळविलेले एकदाचे बोलून टाकिले, "केरबा, त्यांनी इचारलं, कोण मेला तर सोसणार न्हाई. मी तुझं नाव घेतलं. त्यातनं असं हुईल हे डोक्यात आलं न्हाई." केरबाने हातावरचे पीठ झटकिले. बराच वेळ झटकिले. म्हणाला, "खरं असंल. पर सोसलं न्हाई, असं काय दिसलं न्हाई बाबा." "दिसू द्यायचं नव्हतं." "त्ये लोकांस्नी. मी तुझ्या मांडीवर व्हतो. मला तरी दिसू द्यायचं." यास उत्तर होते. जनरेटरमागची गोष्ट हेच उत्तर होते, आणि ते गुणवंतरावांच्या ओठांपर्यंत येण्यास एक श्वास उरला होता.

इतक्यात दळण घेऊन बसलेल्या बायांपैकी एकीने ओळखले, आणि बाहेर जाऊन सांगितले, की गिरणीत रणपिसे आलाय. मग पाराकडचे लोक आले, शाळा सुटली होती ती पोरे आली, कोणी खुर्ची आणिली, कोणी मोबाईल वर धरिले. एक म्हातारा पुढे होऊन म्हणाला, "हवालदार, आमच्या गावात आलायसा, एकदा त्ये करडं तोंड करून दावा. मग चहा." लोक म्हणाले, दावा, दावा. गुणवंतरावांनी केरबाकडे पाहिले. त्या वेळी नाही म्हणता आले असते. आता नको, दोस्ताशी बोलतोय, इतके पुरे होते, आणि लोकांनी ऐकलेही असते. केरबा म्हणाला, "करा साहेब. लोकं आशेनं आल्यात," आणि बाजूस सरकला. मग गुणवंतराव उभे राहिले, आणि एकदा त्या गर्दीवरून नजर फिरविली, आणि जशी पडद्यावर तशी मुद्रा आली. कष्टावाचून आली. पोरे गप्प जाहली, बायांनी पदर सावरले, आणि मग सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या. गुणवंतरावांनी पाहिले, तो केरबा गर्दीतच उभा होता, लोकांबरोबर टाळ्या वाजवीत होता. त्यात टोमणा नव्हता, नक्कल नव्हती. लोक जशा वाजवितात तशाच वाजवीत होता, आणि त्याच्या हातांतून पीठ उडत होते. मग बाया म्हणाल्या, दळण राहिलंय, आणि केरबाने पट्टा चढविला, जाते सुरू झाले, आणि त्या आवाजात कोणास कोणाचे बोलणे ऐकू येण्यासारखे राहिले नाही. गुणवंतराव थोडा वेळ दाराशी उभे राहिले. मग चहा घेतला आणि गेले.

तात्पर्य येणेप्रमाणे. पुढे वैशाखात बादशाहीने ते राज्य खालसा केले, आणि खाणीत मीठ तेवढे उरले, ते पावसाने नेले. गुणवंतराव दुसऱ्या राज्यात फौजदार जाहले, आणि तेथेही करडेच आहेत. केरबाची पोर बारावी झाली. जनरेटरमागची गोष्ट केरबास अद्याप कोणी सांगितली नाही. जितके वर्तमान घडले तितके लिहिले, पदरचे घातले नाही. वाचणारांनी गोड करोन घ्यावे.